इजा कामावरच झाली हे सिद्ध कसे होते?
शेतकामातील अपघात आणि नुकसानभरपाईचा दावा

शेतीत यंत्रे आली, वीज आली, कीटकनाशके आली आणि त्यांच्याबरोबर अपघातही आले. मळणी यंत्रात हात जाणे, ट्रॅक्टर उलटणे, मोटारीच्या पेटीला हात लागून शॉक बसणे, फवारणी करताना विषबाधा होणे हे प्रकार आता कोणत्याच गावाला नवे राहिलेले नाहीत. अशा वेळी जखमी मजुराला कायद्याने नुकसानभरपाई मिळू शकते, हे बऱ्याच शेतकरी बांधवांना ऐकून माहीत असते. परंतु दावा नेमका कोठे अडतो, हे फारसे कोणी सांगत नाही. इजा झाली याबद्दल वाद नसतो. तुटलेली बोटे सर्वांना दिसतात. वाद असतो तो ती बोटे कोठे, केव्हा आणि कोणाचे काम करताना तुटली याबद्दल.

प्रस्तुत लेखात याच एका प्रश्नाचा विचार केला आहे. वाचकांपैकी काही जण मजूर लावणारे असतील, काही जण स्वतः दुसऱ्याच्या शेतावर जाणारे असतील. कोरडवाहू भागात तर एकच माणूस सकाळी आपल्या शेताचा मालक आणि दुपारी शेजाऱ्याचा मजूर असतो. म्हणून दोन्ही बाजूंनी ही माहिती असणे आवश्यक आहे.

कायद्याची कसोटी

कामावरील अपघाताच्या भरपाईचा आपल्याकडील मूळ कायदा १९२३ चा. तो १ जुलै १९२४ पासून लागू झाला. २००९ च्या दुरुस्तीने त्याच्या नावातील ‘कामगार’ या शब्दाच्या जागी ‘कर्मचारी’ हा शब्द आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मधील प्रकरणाने घेतली आहे. कलमांचे क्रमांक बदलले, काही तरतुदी वाढल्या, परंतु मूळ कसोटी शंभर वर्षे जुनीच आहे. इजा अपघाताने झालेली असावी, ती कामामुळे उद्भवलेली असावी आणि काम चालू असताना झालेली असावी.

‘कामामुळे’ आणि ‘काम चालू असताना’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नीट ध्यानात घ्यावे. दुसरी गोष्ट वेळेची व जागेची आहे. पहिली गोष्ट कारणाची आहे. समजा, हरभऱ्याच्या मळणीवर असलेला मजूर दुपारी त्याच शेतातील विहिरीवर पाणी पिण्यास गेला आणि पायरीवरून घसरला. तो त्या क्षणी मळणी करीत नव्हता, तरी पाणी पिणे हा कामाच्या दिवसाचाच भाग असल्याने इजा कामावरची ठरू शकते. तोच मजूर जेवणाच्या सुटीत आपल्या म्हशीसाठी चारा कापावयास दुसऱ्या रानात गेला आणि तेथे पडला, तर मात्र कामाशी संबंध तुटतो. आणि कामाच्या जागी, कामाच्या वेळी, पण जुन्या भांडणावरून गावातल्या कोणी येऊन मारले, तर वेळ व जागा जुळूनही कारण कामाचे राहत नाही.

सर्वच शेतमजूर या कायद्याखाली येतात असे नाही. कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात कामांची यादी आहे. ट्रॅक्टर किंवा इंजिन-विजेवर चालणाऱ्या साधनांनी केलेली शेती, यंत्राने कापणी व मळणी, कीटकनाशकांची फवारणी व धुरळणी, ट्रॅक्टर व पॉवर टिलर चालविणे वा दुरुस्त करणे ही कामे त्या यादीत आहेत. खुरप्याने निंदणी करणारी बाई किंवा हाताने कापूस वेचणारी मजूर त्यात सहजासहजी बसत नाही. माझ्या मते हा कायद्यातील मोठा उणेपणा आहे, कारण विंचू व साप यंत्र पाहून चावत नाहीत. परंतु आहे ते असे आहे, आणि दावा करण्यापूर्वी जखमी माणूस नेमके कोणते काम करीत होता याची नोंद का महत्त्वाची, हे यावरून कळेल. ‘शेतात काम करत होता’ एवढे लिहिणे पुरेसे नाही. ‘मळणी यंत्रात पेंढ्या घालत होता’ असे लिहिले पाहिजे.

एक दिवसाचा रोजंदारीचा मजूर असला तर त्याला हक्क नाही, असा समज अजूनही आढळतो. २००० सालच्या दुरुस्तीने नैमित्तिक मजुरांना वगळणारे शब्द कायद्यातून काढले गेले, तेव्हापासून त्या समजाला आधार उरलेला नाही.

सिद्ध कोणी करायचे?

ही जबाबदारी दावा करणाऱ्याची, म्हणजे जखमी मजुराची किंवा मृताच्या वारसांची. परंतु फौजदारी खटल्यात लागतो तसा तिळमात्र शंका न उरणारा पुरावा येथे लागत नाही. झालेल्या गोष्टींवरून कोणती हकीकत अधिक संभाव्य वाटते, एवढे पाहिले जाते. डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार असलाच पाहिजे असेही नाही. परिस्थितीवरून अनुमान काढता येते.

पण अनुमानाला काहीतरी धरावयास हवे. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका खलाशाचे प्रकरण होते. तो जहाजावरून नाहीसा झाला. कोणी त्याला पडताना पाहिले नव्हते, तो त्या वेळी काही काम करीत होता असेही पुढे आले नाही. न्यायालयाने म्हटले की परिस्थितीवरून अनुमान काढता येईल, पण निव्वळ तर्क चालणार नाही. आणि दावा टिकला नाही. २००६ मध्ये ट्रकवरील एका क्लीनरच्या हृदयविकाराने झालेल्या मृत्यूचेही तसेच झाले. कामाच्या ताणामुळे झटका आला हे दाखविणारा वैद्यकीय किंवा अन्य पुरावा नव्हता. कामावर असताना मृत्यू आला म्हणजे तो कामामुळेच आला, असे आपोआप धरले जात नाही, हा त्यातील मुद्दा आहे. उन्हातान्हात नांगरणी करताना छातीत कळ आलेल्या माणसाच्या बाबतीत त्या दिवशी काम किती तास चालले होते, ऊन कसे होते, आदल्या दिवशी त्याची तक्रार काय होती, हे सारे म्हणूनच लिहून ठेवावे लागते.

वेळ व जागा यांच्या साहाय्याने पुरावा कसा उभा राहतो याचे चांगले उदाहरण मराठवाड्यातीलच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याची पाळी पहाटे ३ ते सकाळी ११ अशी होती. एप्रिल २००३ मध्ये तो मोटारसायकलवरून कामावर निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटर अलीकडे अपघातात गेला. आयुक्तांनी भरपाई मंजूर केली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली. पाळीची वेळ, रस्ता आणि अपघाताचा क्षण यांचा कामाशी संबंध जुळत असेल, तर घरून कामावर जातानाचा अपघातही कामातला धरता येईल, असे न्यायालयाने ठरविले. नव्या संहितेत जाण्या-येण्याबद्दल तशी तरतूद आता स्पष्टपणेच आहे. बावीस वर्षे मात्र गेली, हे विसरता येत नाही.

पहिला कागद : दवाखान्यातील केस पेपर

माझ्या मते दाव्याचा निम्मा निकाल येथेच लागतो. जखमीला दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर विचारतात, “काय झाले?” आणि सोबतचा माणूस जे सांगतो ते डॉक्टर इंग्रजीत दोन ओळीत लिहितात. त्या वेळी कोणाच्या मनात दावा नसतो, म्हणूनच पुढे न्यायालय त्या दोन ओळींना फार मानते.

आणि नेमके तेथेच खोटे सांगितले जाते. “पोलीस केस नको,” “मालकाचे नाव कशाला,” “खासगी डॉक्टर दाखल करून घेणार नाही,” अशा भीतीने सोबतचे लोक “घरी पडला,” “कडबा कुट्टी करताना घरीच लागले” असे सांगून मोकळे होतात. मालक त्या वेळी दवाखान्याचा खर्च करतो, सर्वांना बरे वाटते. सहा महिन्यांनी खर्च थांबतो, मजुराचा हात कायमचा निकामी झाल्याचे कळते, तो दावा करतो, आणि विमा कंपनीचा वकील केस पेपर पुढे ठेवतो : इजा घरी झाली असे रुग्णानेच सांगितले आहे. आता शेतातले चार साक्षीदार आणले तरी त्यांना ‘मागाहून तयार केलेले’ म्हटले जाते.

यासाठी जखमीबरोबर शक्य तो अपघात प्रत्यक्ष पाहिलेला माणूस जावा. त्याने डॉक्टरांना चार गोष्टी स्पष्ट सांगाव्यात : अपघाताची वेळ, शेताचे ठिकाण (गट नंबर माहीत असल्यास तोही), कोणते यंत्र वा साधन, आणि काम कोणाचे होते. केस पेपर हाती आल्यावर जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावा. चुकीचे लिहिले गेले असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना विनंती करून दुरुस्ती करून घ्यावी. डॉक्टर तारीख घालून सही करतात. महिन्यानंतर केलेल्या दुरुस्तीला कोणी विचारत नाही.

जखमेचे वर्णनही बोलते. मळणी यंत्राच्या ड्रममध्ये गेलेला हात चेंगरलेला व फाटलेला असतो, पट्ट्यात सापडलेल्या बोटाची जखम निराळी असते, आणि विजेचा धक्का ज्या जागी शरीरात शिरतो तेथे भाजल्याची खूण राहते. डॉक्टरांनी हे वर्णन नीट लिहिलेले असेल तर सांगितलेल्या हकीकतीशी ते ताडून पाहता येते. रुग्णाने किंवा त्याच्या माणसाने लेखी मागणी केल्यास वैद्यकीय कागदपत्रे ७२ तासांत द्यावीत असा वैद्यक परिषदेचा नियम आहे. आंतररुग्णांची कागदपत्रे तीन वर्षे जपून ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. तरीही तीन वर्षांची वाट पाहू नये. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांच्या पावत्या एका पिशवीत ठेवाव्यात. त्या पावत्यांना वेगळे महत्त्व आहे, कारण उपचाराचा प्रत्यक्ष झालेला खर्चही कायद्याने मिळतो.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावली असेल तर फोन केव्हा आला आणि रुग्ण कोठून उचलला याची नोंद त्या सेवेकडे होते. वेळ व जागा या दोन्ही गोष्टी एका त्रयस्थाच्या कागदावर येतात, असा पुरावा सहसा मिळत नाही.

पोलीस, पंचनामा आणि जागा

मृत्यू झाला तर पोलिसांना कळविण्यावाचून गत्यंतर नाही. अकस्मात मृत्यूची नोंद, घटनास्थळाचा पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल ही तीन कागदपत्रे कोणत्याही दाव्यात मागितली जातात. गंभीर इजेतही पोलीस ठाण्यात लेखी खबर द्यावी. पंचनाम्याच्या वेळी घरातील कोणी तरी हजर राहावे आणि यंत्र कोठे उभे होते, पट्ट्यावर जाळी होती की नव्हती, रक्ताचे डाग कोठे होते, हे लिहून घ्यावे. विजेचा अपघात असेल तर विद्युत निरीक्षकाची चौकशी होते. त्यांच्या अहवालाची प्रत मागावी.

यंत्र ताबडतोब धुऊन पुढच्या शेतावर नेण्याची घाई करू नये. हंगाम कोणासाठी थांबत नाही हे खरे, पण निदान मोबाइलवर चारी बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. ज्या मोबाइलवर छायाचित्रे काढली तो विकू वा मोडू नये. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि मूळ उपकरण जवळ असले म्हणजे ते सोपे जाते.

रात्रीच्या पाण्याच्या पाळीबद्दल थोडे सांगितले पाहिजे. रात्री दोन वाजता सालगडी मोटार चालू करायला गेला आणि साप चावला, तर विरुद्ध बाजू पहिला प्रश्न विचारते, “इतक्या रात्री तो तेथे काय करीत होता?” याचे उत्तर कृषी फीडरच्या वेळापत्रकात असते. त्या आठवड्यात तीन फेज वीज रात्रीच होती, एवढे वीज वितरण कार्यालयाच्या पत्रावरून दिसले, की माणूस तेथे कामासाठीच होता हे अनुमान बळकट होते.

मजूर कोणाचा?

अपघात कामावर झाला हे मान्य झाले, तरी “तो माझा मजूर नव्हता” असे उत्तर येऊ शकते. आपल्याकडे नेमणूकपत्र देण्याची चाल नाही. तरीही खुणा पुष्कळ असतात. सालगड्याची पाडव्याला ठरलेली चिठ्ठी, हजेरीची वही, फोन-पे वरून दिलेली मजुरी, किराणा दुकानात मालकाच्या खात्यावर मजुराला दिलेल्या मालाची नोंद हे सारे उपयोगी पडते. मालक वही ठेवत नसेल तर मजुराने स्वतः पॉकेट डायरीत रोज तारीख, मालक, काम व मजुरी लिहावी. एका हाताची नोंद म्हणून तिचे वजन कमी असले, तरी नियमित लिहिलेली डायरी पाहणाऱ्याला पटते.

ऊसतोडीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. उचल मुकादमाकडून, तोड कारखान्यासाठी, ऊस शेतकऱ्याचा आणि वाहन चौथ्याचेच. येथे उचलीची पावती, टोळीची नोंद आणि त्या दिवशीची कारखान्याच्या काट्यावरील वजन पावती या कागदांवरून टोळी कोणत्या तारखेला कोणत्या शेतात होती हे दाखविता येते. ठेकेदारामार्फत काम करून घेणाऱ्या मुख्य मालकावरही, ते काम त्याच्या धंद्याचा भाग असेल तर, जबाबदारी येते. पुढे तो ती ठेकेदाराकडून वसूल करू शकतो. मात्र कोयत्याने ऊस तोडणे आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीवर काम करणे यांत परिशिष्टाच्या दृष्टीने फरक पडतो, हे वर सांगितलेच आहे.

भाड्याच्या मळणी यंत्रावर बहुधा दोन प्रकारची माणसे असतात : यंत्रमालकाची आणि शेतकऱ्याची. दुसऱ्याकडे तात्पुरता दिलेला मजूर ज्याचे काम करीत असेल, तो तेवढ्यापुरता मालक ठरतो असे कायदा म्हणतो. म्हणून यंत्र शेतात येण्यापूर्वी पेंढ्या घालणारे कोणाचे, हे ठरवून घ्यावे. सावड किंवा इर्जिकीने आलेल्या शेजाऱ्यात व आपल्यात मजुरीचा करार नसतो. त्याच्या इजेबद्दल या कायद्याचा आधार मिळणे अवघड आहे.

फवारणीतील विषबाधा

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. फवारणीच्या बाबतीत पुरावा सर्वांत लवकर नाहीसा होतो आणि शंकाही सर्वांत आधी घेतली जाते. शंका ही, की विष श्वासातून व कातडीतून गेले की माणसाने ते स्वतः घेतले?

प्रोफेनोफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशके शरीरातील कोलिनएस्टरेज या विकराचे काम बंद पाडतात. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, लाळ व घाम सुटतो, श्वास घुसमटतो. रक्तातील या विकराचे प्रमाण तपासले तर विषबाधा या गटाची आहे हे कळते. दिवस जातील तसे हे प्रमाण पूर्ववत होऊ लागते, म्हणून रक्ताचा नमुना दाखल करतानाच घेण्याची विनंती डॉक्टरांना करावी. तपासणीची सोय तेथे नसेल तर नमुना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविता येतो का, हे विचारावे.

परंतु रक्ताची तपासणी विष कोणत्या वाटेने गेले हे सांगत नाही. ते इतर गोष्टींवरून दिसते. भिजलेले कपडे कागदी पिशवीत घालून ठेवावेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत ते कुजतात. औषधाची बाटली लेबलसह दवाखान्यात न्यावी. उपचारासाठीही ती लागते. खरेदीची पावती, किती पंप मारले, वारा कोणत्या दिशेचा होता, बरोबर फवारणाऱ्या दुसऱ्या माणसालाही मळमळ झाली का, तोंडाला रुमाल होता का मास्क, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. दोघांनी एकाच रानात फवारले आणि दोघांनाही कमी-अधिक त्रास झाला, ही एकच गोष्ट पुष्कळ शंका दूर करते.

मजूर लावणाऱ्या शेतकऱ्यासाठी

येथवर वाचून काही शेतकरी बंधूंना वाटेल, की हे सारे मालकाविरुद्धच आहे. तसे नाही. खरी नोंद खोट्या दाव्यापासूनही वाचविते. शिवाय मालकाला कायद्याने काही बचाव दिले आहेत. इजेमुळे तीन दिवसांपेक्षा जास्त काळ काम सुटले नाही तर भरपाई लागत नाही. दारूच्या अंमलामुळेच इजा झाली, सुरक्षेसाठी दिलेली सूचना मजुराने हेतुपुरस्सर मोडली, किंवा संरक्षक साधन त्याने जाणूनबुजून काढून टाकले, तरही लागत नाही. मात्र मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर हे दारू वगैरेचे बचाव चालत नाहीत. आणि केस पेपरवर ‘दारूचा वास’ एवढे लिहिलेले असणे म्हणजे दारूमुळेच अपघात झाला असे नव्हे. तो संबंध मालकाने दाखवावा लागतो.

संरक्षक साधनाचा मुद्दा मळणी यंत्राला फार लागू पडतो. पेंढी आत सोडण्याची पन्हाळ भारतीय मानकानुसार (आय.एस. ९०२०) किमान ९० सें.मी. लांब आणि त्यातील ४५ सें.मी. भाग वरून झाकलेला असावा, म्हणजे हात ड्रमपर्यंत पोहोचत नाही. काम भराभर व्हावे म्हणून हे झाकण अनेक ठिकाणी काढून टाकलेले दिसते. ते मालकाने वा यंत्रवाल्याने काढलेले असेल तर बचाव तर राहत नाहीच, उलट पंचनाम्यातील ‘झाकण नाही’ हे दोन शब्द अपघात कसा झाला ते सांगून जातात. मळणी यंत्रांच्या अपघातांमुळेच १९८३ साली धोकादायक यंत्रांचा स्वतंत्र कायदा करावा लागला होता.

गावात पंचांसमोर पन्नास हजार देऊन स्टॅम्प पेपरवर ‘आता काही तक्रार नाही’ असे लिहून घेतले जाते. त्यावर विसंबू नये. हक्क सोडून देणारा करार कायद्याने निरर्थक आहे, आणि मृत्यूच्या प्रकरणात वारसांच्या हाती परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. ती प्राधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. अल्प आगाऊ रकमेचा अपवाद आहे, पण एकंदरीत पैसे देऊनही देणे शिल्लक राहते असा हा व्यवहार आहे. त्यापेक्षा हंगामापूर्वी मजुरांचा भरपाई विमा उतरविलेला बरा. ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणून निश्चिंत राहू नये. ट्रॅक्टरला बसण्याची जागा चालकाची एकच असते. मडगार्डवर बसवलेल्या मजुराबद्दल विमा कंपनी हात वर करते.

सूचना, मुदत आणि रक्कम

अपघातानंतर लवकरात लवकर मालकाला लेखी सूचना द्यावी : नाव, पत्ता, अपघाताची तारीख व कारण. रजिस्टर पोस्टाची पावती सांभाळावी. सूचना उशिरा दिली किंवा दिलीच नाही, तरी मालकाला अपघात अन्य मार्गाने माहीत होता असे दिसल्यास दावा तेवढ्यावरून बाद होत नाही. दाव्याची मुदत अपघातापासून, किंवा मृत्यू झाला असल्यास मृत्यूपासून, दोन वर्षे आहे. दावा कोठे दाखल करावा याची चौकशी जिल्ह्याच्या कामगार न्यायालयात किंवा विधी सेवा प्राधिकरणात करावी. विधी सेवा प्राधिकरणाकडून पात्र व्यक्तींना वकीलही विनामूल्य मिळतो.

रक्कम कशी निघते याचा अंदाज यावा म्हणून एक उदाहरण घेऊ. मजुराचे वय ४०, महिन्याची मजुरी १२,००० रुपये, मळणी यंत्रात एक हात गेला. मजुरीचे ६० टक्के म्हणजे ७,२०० रुपये. वय ४० साठी परिशिष्टातील गुणक १८४.१७ आहे. गुणाकार १३,२६,०२४ रुपये. ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम झाली. एक हात गमावल्यास कमाईच्या क्षमतेचे नुकसान ६० टक्के धरलेले आहे, म्हणून भरपाई सुमारे ७,९५,६१४ रुपये. एका हाताची तीन बोटे गेल्यास हे नुकसान ३० टक्के, अंगठा गेल्यासही ३० टक्के, आणि तर्जनी पूर्ण गेल्यास १४ टक्के धरतात. मजुरी सिद्ध झाली नाही तर हिशेब किमान वेतनावर येऊन ठेपतो, म्हणून मजुरीचा पुरावाही तितकाच सांभाळावा. देय झाल्यापासून महिन्याच्या आत रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि कारण समर्थनीय नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो.

शेतकरी स्वतःच जखमी झाला तर?

स्वतःच्या शेतात स्वतःच राबणाऱ्याला मालक नसतो, त्यामुळे वरील कायदा त्याच्या कामाचा नाही. त्याच्यासाठी राज्य शासनाची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. पूर्वी ही योजना विमा कंपनीमार्फत चालत असे. एप्रिल २०२३ पासून ती थेट शासनामार्फत राबविली जाते. सातबाराधारक शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील आणखी एक व्यक्ती, वय १० ते ७५, यांना तिचा लाभ आहे. मृत्यू झाल्यास, तसेच दोन डोळे किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख रुपये, आणि एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास १ लाख रुपये मिळतात. रस्ता अपघात, वीज पडणे, विजेचा धक्का, सर्पदंश, विंचूदंश, पाण्यात बुडणे, कीटकनाशकाची विषबाधा अशी कारणे यात येतात. इजा कामावर झाली हे येथे दाखवावे लागत नाही, पण ती अपघातानेच झाली हे दाखवावे लागते. त्यामुळे फवारणीच्या विषबाधेत वर सांगितलेली बाटली, कपडे आणि केस पेपरची काळजी येथेही तितकीच घ्यावी लागते. सातबारा, वारसाची नोंद, वयाचा दाखला, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल किंवा अपंगत्वाचे प्रमाणपत्र यांसह अर्ज अपघातापासून ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावा. एखादा अहवाल यावयाचा राहिला असला तरी हाती असलेल्या कागदांसह अर्ज मुदतीत देऊन पोच घ्यावी आणि राहिलेला कागद मागाहून जोडावा.